अँटेनासमोरचा माणूस

मोबाइलच्या टॉवरचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा खिडकीपासून सुरू होते. समोरच्या इमारतीवर टॉवर आला, मुलांच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच बाजूला, आता काय करायचं? मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भाड्याच्या रकमेवरून खडाजंगी होते, कोणीतरी व्हॉट्सॲपवर आलेला लेख वाचून दाखवतं, कोणीतरी त्याला वेड्यात काढतं, आणि सेक्रेटरी विषय पुढच्या सभेवर ढकलतात. या सगळ्या वादात एक माणूस सहसा नसतो: वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेऊन वर जाणारा. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगला आलेला मजूर, पाण्याची टाकी धुणारा, लिफ्टच्या मशीनरूममध्ये शिरणारा मेकॅनिक, सोलरचे पॅनेल बसवणारे, रंगकामासाठी कठड्यावरून झुला सोडणारे, आणि ज्याचं कामच अँटेनाशी आहे तो रिगर. खिडकीतला माणूस अँटेनापासून तीस-चाळीस मीटरवर असतो. हा कधी कधी हातभरावर असतो.

रेडिओलहरींच्या बाबतीत या अंतराला किती किंमत आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. जुन्या धर्तीचा, ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा एक सेक्टर अँटेना घेऊ. त्याला २० वॅटची एकच कॅरियर, म्हणजे एकच वाहक लहर, जोडलेली आहे. अँटेना ही शक्ती चहूकडे उधळत नाही. पुढच्या बाजूच्या चपट्या झोतात तो ती साधारण ५० पटींनी एकवटतो, म्हणजे झोताच्या दिशेने बघितलं तर तो १००० वॅटच्या स्रोतासारखा वागतो. अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते, या सूत्राने हिशेब केला तर प्रशिक्षित कामगारासाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा, चौरस मीटरला २२.५ वॅट, सुमारे १.९ मीटरवर गाठली जाते. सामान्य नागरिकासाठीची ४.५ वॅटची मर्यादा ४.२ मीटरवर येते. भारताने २०१२ मध्ये स्वीकारलेली ०.४५ वॅटची मर्यादा १३.३ मीटरवर. त्यापलीकडे, झोताच्या ऐन मध्यात उभं राहिलं तरी, तिन्ही निकष पाळले जातात. अगदी जवळ हे सूत्र प्रत्यक्षाहून मोठा आकडा देतं, कारण अँटेनाच्या दीड-दोन मीटर उंचीच्या पॅनेलची शक्ती तिथे एका बिंदूतून निघाल्यासारखी वागत नाही. परंतु आजच्या पॅनेलमध्ये कॅरियर एक नसते. तीन-चार बँड, प्रत्येकात अनेक कॅरियर, आणि एकूण शक्ती काही शे वॅट, हे आता नेहमीचं आहे. चारपट शक्ती म्हणजे वरची सगळी अंतरं दुप्पट.

तेव्हा या पुस्तकाची भूमिका सुरुवातीलाच मांडतो. कमी तीव्रतेच्या लहरींनी दीर्घकाळात काय होतं, यावर शास्त्रज्ञांचे पंथ आहेत, त्यांच्यात भांडणं आहेत आणि ती इतक्यात मिटणारी नाहीत. पण चालू अँटेनाच्या पुढ्यात, एका मीटरवर काम करू नये, यावर सगळ्या पंथांचं एकमत आहे. आपल्या सार्वजनिक चर्चेने वादाची जागा धरून ठेवली आणि एकमताची जागा मोकळी सोडली. पुस्तक त्या मोकळ्या जागेसाठी आहे.

शरीरात होतं काय? रेडिओलहरींच्या एका कणात रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. क्ष-किरणांशी त्यांची तुलना इथेच संपते. त्या शरीरातल्या पाण्याच्या रेणूंना आणि आयनांना हलवतात, आणि त्या हलण्यातून उष्णता होते. किती उष्णता, हे मोजायचं एकक म्हणजे किलोग्रॅममागे वॅट. सबंध शरीरात किलोला ४ वॅट इतकी ऊर्जा मुरत राहिली तर शरीराचं तापमान साधारण एका अंशाने चढतं. कामगारांसाठीची मर्यादा त्याच्या दहाव्या भागावर, म्हणजे ०.४ वर ठेवलेली आहे. सामान्य नागरिकांसाठी पन्नासाव्या भागावर, म्हणजे ०.०८ वर. डोळ्याचं भिंग आणि वृषण यांना रक्ताचा पुरवठा बेताचा असल्यामुळे तिथली उष्णता वाहून नेली जात नाही, म्हणून या अवयवांची काळजी अधिक. आणखी एक अडचण आहे. उष्णता ओळखणारे आपले चेतातंतू कातडीत आहेत, पण ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी काही सेंटिमीटर आत जातात. चटका बसला की हात मागे येतो, तसं इथे वेळेवर होईल याची खात्री नाही.

शिवाय सगळ्या लहरी शरीराला सारख्या नाहीत. माणसाची उंची आणि लहरींची लांबी यांचा मेळ साधारण ७० ते १०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान बसतो आणि तिथे उभा माणूस स्वतःच चांगल्यापैकी अँटेना होतो. एफएम रेडिओचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा याच मुलखातला. म्हणून सर्वांत कडक मर्यादा तिथे आहे: सामान्य नागरिकाला चौरस मीटरला २ वॅट, कामगाराला १०. त्यात एफएमचे ट्रान्समीटर किलोवॅटमध्ये मोजले जातात. लोक मोबाइलच्या पॅनेलकडे बोट दाखवतात, पण रिगरला विचारलं तर एफएमच्या मनोऱ्यावर चढताना त्याला जास्त सावध राहावं लागतं. मध्यमलहरींच्या केंद्रांची तऱ्हा आणखी निराळी. तिथे सबंध मनोराच अँटेना असतो, चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा. जमिनीवर पाय ठेवून त्याला हात लावला तर भाजतं. जवळपास क्रेन उभी असेल तर तिच्या लोखंडातही व्होल्टेज उतरतं आणि हूक धरणाऱ्याचा हात पोळतो. अशा भाजण्याची जखम वरून लहान आणि आतून खोल असते.

या धोक्याचं ज्ञान प्रयोगशाळेत जन्माला आलेलं नाही, कामाच्या जागी आलं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत, लघुलहरींच्या ट्रान्समीटरजवळ काम करणाऱ्यांचं अंग तापतं असं लक्षात आलं. कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख विलिस व्हिटनी यांनी त्यात रस घेतला. गंमत अशी की या निरीक्षणातून पहिल्यांदा जे निघालं ते संरक्षणाचं साधन नव्हतं, ताप आणायचं यंत्र होतं. व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांना मलेरियाचा ताप चढवून मेंदूच्या उपदंशावर उपचार केल्याबद्दल १९२७चं नोबेल मिळालं होतं, तेव्हा मलेरियाऐवजी लहरींनी ताप आणता आला तर बरंच, असा विचार झाला. कामगाराला जो त्रास होत होता, तो रुग्णासाठी उपाय ठरला. कामगाराच्या संरक्षणाचा विचार दुसऱ्या महायुद्धातल्या रडारनंतर गंभीरपणे सुरू झाला.

पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात काम करणारे जर्मन वंशाचे जीवभौतिकशास्त्रज्ञ हरमन श्वान यांनी १९५३ मध्ये अमेरिकन नौदलाला एक मर्यादा सुचवली: चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट, आजच्या एककात चौरस मीटरला १०० वॅट. शरीर किती उष्णता बाहेर टाकू शकतं, या साध्या हिशेबावर ती आधारलेली होती. त्याच दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघाने दिवसभराच्या कामासाठी मर्यादा ठेवली ती याच्या हजाराव्या भागाची. सोव्हिएत डॉक्टर रडार आणि मायक्रोवेव्ह कामगारांत डोकेदुखी, थकवा, झोप न येणं अशा तक्रारी नोंदवत होते आणि उष्णतेखेरीजही काही घडतं असं मानत होते. अमेरिकनांना त्या अभ्यासांत तुलनेचा गट, मोजमाप, काहीच धड दिसत नव्हतं. हजारपटींचा हा फरक केवळ विज्ञानाचा होता असं मला वाटत नाही. अमेरिकन आकडा अपाय कुठून सुरू होतो त्या पायरीपासून मागे मोजलेला होता. सोव्हिएत आकडा शरीरात काहीच बदल जाणवू नये, अशा आदर्शावर बेतलेला. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीवर वर्षानुवर्षं मायक्रोवेव्हचा झोत सोडला जात होता हे १९७०च्या दशकात उघड झालं तेव्हा या वादाला राजकारणाची फोडणी बसली ती कायमची.

अमेरिकन बाजूने पुढचं महत्त्वाचं वळण १९८२चं. तोवर सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकच मर्यादा होती. आता शरीर कुठे जास्त शोषतं त्यानुसार ती बदलू लागली, आणि ४ वॅटचा तो पायाभूत आकडा पक्का झाला. तो आला प्राण्यांवरच्या प्रयोगांतून. खाण्यासाठी कळ दाबायला शिकवलेले उंदीर आणि माकडं एवढी ऊर्जा अंगात मुरू लागली की शिकवलेलं काम सोडून देतात, असं वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलं. आज बहुतेक देशांतल्या कामगारांची मर्यादा अखेर या निरीक्षणावर उभी आहे. १९९२ मध्ये अनायनीकारक प्रारणापासून संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग, ज्याला या धंद्यातले लोक इक्निर्प म्हणतात, स्थापन झाला. त्याची १९९८ची मार्गदर्शक तत्त्वं बहुतेक देशांनी कमी-अधिक फरकाने उचलली. २०२० मध्ये ती सुधारली गेली.

इक्निर्पच्या चौकटीतली एक गोष्ट या पुस्तकाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची आहे आणि ती नेमकी दुर्लक्षित राहते. कामगाराला नागरिकापेक्षा पाचपट जास्त तीव्रता का चालते? त्याचं शरीर दणकट असतं म्हणून नव्हे. तो प्रौढ आहे, त्याला धोक्याची माहिती दिलेली आहे, मोजमापाची साधनं त्याच्यापाशी आहेत आणि गरज पडली तर तो बाजूला होऊ शकतो, हे गृहीत धरलेलं आहे. माहिती काढून घेतली की सवलतही जाते. म्हणजे वॉटरप्रूफिंगचा मजूर गच्चीवर कामाला आलेला असला, त्या कामाचे पैसे घेत असला, तरी या हिशेबात तो सामान्य नागरिकच. त्याला धरून आखलेलं अंतर रिगरपेक्षा दुपटीहून अधिक हवं. प्रत्यक्षात त्याच्यासाठी कोणी काहीच आखत नाही.

भारतात हा प्रश्न उशिरा आला, त्याला कारण आहे. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला. वरळीचा उंच मनोरा, पुण्याजवळ सिंहगडावरचा मनोरा: शक्ती मोठी, पण भोवती कुंपण, दारावर पहारा आणि आत सरकारी तंत्रज्ञ. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि त्यानंतर अँटेना कुंपणाबाहेर पडले. ते सोसायट्यांच्या गच्च्यांवर, शाळांवर, लॉजवर, मंगल कार्यालयांवर चढले. शक्ती लहान झाली, पण पहारा गेला. आता दाराशी तंत्रज्ञ नव्हता, किल्ली सांभाळणारा वॉचमन होता.

भारत सरकारने २००८ मध्ये इक्निर्पचे निकष स्वीकारले. तक्रारी वाढल्यावर २०१० मध्ये आंतरमंत्रालयीन समिती नेमली आणि तिच्या शिफारशीनुसार १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा एकदम दहाव्या भागावर आणली. त्याच काळात आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार याहूनही फार कडक मर्यादा हवी असं मांडत होते, मोबाइल कंपन्या ते अनावश्यक असल्याचं सांगत होत्या, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं आणि तुरुंगांवरचे टॉवर हटवण्याचा आदेश दिला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं होतं. त्या निर्णयामागचा पुरावा मुख्यतः कानाला लावलेल्या फोनचा होता, टॉवरचा नव्हता, पण मथळ्यांमध्ये टॉवरचं छायाचित्र छापलं गेलं.

दहाव्या भागाचीही एक मेख आहे. स्वित्झर्लंडनेही घरं, शाळा अशा जागांसाठी अँटेनांची मर्यादा आंतरराष्ट्रीय आकड्याच्या साधारण दहाव्या भागावर ठेवली आहे, पण ती विद्युतक्षेत्राच्या, म्हणजे मीटरला व्होल्टच्या हिशेबात. आपली शक्तीच्या हिशेबात. क्षेत्र दहाव्या भागावर आलं की शक्ती शंभराव्या भागावर येते. तेव्हा स्वित्झर्लंड आणि भारत सारखेच कडक, असं कोणी सांगितलं तर एकक विचारावं. इटलीने तर आपली ६ व्होल्टची जुनी मर्यादा २०२४ मध्ये १५वर नेली. कोणता आकडा बरोबर, याचा निवाडा मी करत नाही. इतकंच नोंदवतो की मर्यादा दहाव्या भागावर आली की निषिद्ध पट्टा साधारण ३.२ पट लांब होतो. त्याने समोरच्या खिडकीचा विचार झाला. अँटेनाला टेकून कोबा घालणाऱ्याच्या बाबतीत काय बदललं? तो आधीही पट्ट्याच्या आत होता, नंतरही आतच राहिला.

आपल्या नियमांत कामगाराचा उल्लेख अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. समोर त्याच उंचीची इमारत असेल तर एका अँटेनापासून २० मीटर, दोन असतील तर ३५, चारला ४५, सहाला ५५ मीटर अंतर असावं, असं दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच सूचनांच्या ओघात गच्चीवर धोक्याची पाटी लावायची असते. पाट्या असतातही. इंग्रजीत, उन्हात पिवळ्या पडलेल्या, आणि बऱ्याचदा जिन्याच्या दाराऐवजी टॉवरच्या पायाशी, म्हणजे वाचायला पट्ट्यात शिरावं लागेल अशा जागी. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्याच्या व्याख्येत रेडिओ, दूरदर्शन, दूरध्वनी यांची बांधकामं येत होती, आणि २०२०च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने तो कायदा सामावून घेतला आहे. पण १९९६चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. मोबाइल कंपनी, तिच्याखाली टॉवर कंपनी, तिच्याखाली व्हेंडर, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, आणि सगळ्यांत खाली मोटरसायकलवरून दोरखंडाची बॅग घेऊन येणारे दोघे जण. या उतरंडीत आस्थापना नक्की कोणती, हा प्रश्न अपघात झाल्यावरच विचारला जातो.

अपघाताचं नाव घेतलंच आहे तर प्रमाणाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. टॉवरवर माणसं मरतात ती मुख्यतः पडून. अमेरिकेत २००३ ते २०११ या काळात दळणवळणाच्या टॉवरवर सुमारे १०० कामगार गेले, त्यांतले ५० मोबाइलच्या साइटवर, असं प्रोपब्लिका आणि फ्रंटलाइन या पत्रकारांच्या गटांनी २०१२ मध्ये शोधून मांडलं. त्यांचं बोटही कंत्राटाच्या उतरंडीकडेच होतं. वीज, बॅटऱ्यांचा शॉर्ट, डिझेल जनरेटरचा धूर, पावसात शेवाळलेला पत्रा, टॉवरवरचं मधमाश्यांचं पोळं, हे सगळं रेडिओलहरींच्या आधी येतं. मग रेडिओलहरींवर वेगळं पुस्तक कशाला? कारण उंची दिसते, शेवाळ दिसतं, जनरेटरचा आवाज येतो. अँटेना चालू असला तरी त्यावर दिवा नाही, आवाज नाही, हात लावला तर बाहेरचं कवच उन्हाइतकंच तापलेलं. दुसरं असं की लहरींपासून वाचायला निघालेला माणूस कधी कधी पडतो. झोत टाळायला कठड्यावरून वळसा घालणारे मी पाहिले आहेत. दोन धोके एकत्र शिकवले नाहीत तर एकावरचा उपाय दुसऱ्याचं कारण होतो.

सुरक्षित कामाच्या पद्धतींचेही पंथ आहेत. अमेरिकन पद्धत पाट्यांची. केंद्रीय दळणवळण आयोगाने १९९६ मध्ये मर्यादा ठरवल्या आणि हळूहळू रंगांची भाषा बसवली: निळी सूचना, पिवळी सावधगिरी, केशरी इशारा, लाल म्हणजे जायचंच नाही. कोणत्या रेषेच्या अलीकडे कोण जाऊ शकतो, हे पाटीवरून कळावं ही अपेक्षा. युरोपीय संघाचा २०१३चा निर्देश मालकापासून सुरू होतो. कामाच्या जागेचं मूल्यमापन मालकाने करायचं, आणि पेसमेकर किंवा शरीरात धातू असलेले, गर्भवती, अशांचा वेगळा विचार करायचा. मला स्वतःला ऑस्ट्रेलियाची रीत सर्वांत शहाणपणाची वाटते. तिथे देशभरच्या साइटचा एक सामाईक संग्रह आहे आणि गच्चीवर जाणाऱ्याला त्या साइटवर कुठे थांबायचं याची माहिती आधी पाहता येते. आपल्याकडे २०१७ मध्ये तरंग संचार हे पोर्टल सुरू झालं. आपल्या भागातला टॉवर निकष पाळतो की नाही हे त्यावर कळतं, शुल्क भरून मोजणीही मागता येते. उत्तम सोय. पण ते उत्तर पुन्हा खिडकीतल्या माणसालाच मिळतं. गच्चीचा नकाशा, कोणत्या पॅनेलचं तोंड कुठे, रेषा कुठून आखायची, हे त्यात कोणी विचारलेलंच नाही.

आणि गच्ची दर वर्षी अवघड होत चालली आहे. एका टॉवरवर आता दोन-तीन कंपन्या असतात. रिगरने फोन करून एका कंपनीची शक्ती बंद करवून घेतली तरी वरच्या कंसावरचा दुसरीचा पॅनेल चालूच असतो. अशा वेळी प्रत्येक स्रोत आपापल्या मर्यादेचा किती हिस्सा खातो ते मोजून सगळ्या हिश्शांची बेरीज एकाच्या आत ठेवावी लागते. प्रत्येकाने आपला हिस्सा 'मर्यादेत आहे' म्हणून सांगितलं तरी बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. शहरांत अँटेना लपवण्याची पद्धतही वाढली आहे. खोट्या पाण्याच्या टाकीत, इमारतीच्या रंगात रंगवलेल्या पेटीत, लिफ्टच्या खोलीच्या भिंतीवर, नारळाच्या झाडाच्या वेषात. रहिवाशांच्या डोळ्यांना बरं वाटतं. टाकी धुणारा मात्र कोणत्या टाकीवर शिडी लावतोय हे त्याला कसं कळावं? फायबरग्लासच्या त्या खोट्या टाकीतून लहरी सहज आरपार जातात, म्हणूनच ती तशी बनवलेली असते.

त्यात १ ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्ह-जी. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या नव्या पॅनेलमध्ये ६४ पर्यंत ट्रान्समीटर एकत्र काम करतात आणि झोत जागच्या जागी वळवतात. जुन्या पॅनेलचा झोत ठरलेला होता, रेषा आखून टाकली की वर्षभर चालायची. नव्याचा झोत ग्राहकामागे फिरतो, क्षणात इकडे, क्षणात तिकडे. सरासरी शक्ती त्यामुळे कमालपेक्षा बरीच कमी भरते, आणि आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या आयईसी ६२२३२ या मानकात ही सरासरी कशी धरायची याची रीत सांगितलेली आहे. कागदावर हे ठीक. माणसाला रेषा सांगताना मात्र सरासरी कुचकामी. त्याला कमाल धरूनच उभं करायला हवं. दिलासा एवढाच की पॅनेल जुना असो वा नवा, त्याच्या पाठीमागची जागा समोरच्या तुलनेत शेकडोपटींनी शांत असते. मायक्रोवेव्हच्या गोल थाळ्या दिसायला भीतीदायक, पण त्यांची शक्ती बहुधा वॅटच्या आतली आणि झोत सुतासारखा सरळ. थाळीच्या पुढ्यात उभं राहणाऱ्यामुळे लिंक तुटते, हीच तिथली मोठी तक्रार.

मोजण्याच्या साधनांबद्दल एकच इशारा इथे देऊन ठेवतो, कारण तो पुस्तकात शिरण्याआधीच लागेल. अंगावर बांधायचे मॉनिटर मिळतात. कामगाराच्या मर्यादेच्या ठरावीक टक्क्यावर ते वाजू लागतात. महाग आहेत, वरचेवर तपासून घ्यावे लागतात, पण खरे आहेत. मोबाइलवर फुकट मिळणारी 'रेडिएशन मीटर' ॲप फोनमधल्या होकायंत्राचा चुंबकीय सेन्सर वाचतात. पॅनेलसमोर धरलं तर सगळं ठीक आणि लोखंडी कपाटापाशी धरलं तर धोका, असा त्यांचा न्याय. कव्हरवर चिकटवायच्या चिप्स आणि ताईतछाप स्टिकर यांवर न बोललेलं बरं.

आता पुस्तकाबद्दल. मराठीत दूरसंचारावर पुस्तकं आहेत, टॉवरविरोधी पत्रकं भरपूर आहेत, पण गच्चीवर चढणाऱ्याला हातात धरून नेणारं लिखाण मला सापडलं नाही. महाराष्ट्रातले कित्येक रिगर, व्हेंडरचे सुपरवायझर, सोसायट्यांचे सेक्रेटरी, वॉटरप्रूफिंगचे मुकादम यांची कामाची भाषा मराठी आणि हिंदी अशी मिसळलेली असते. त्यामुळे सेक्टर, टिल्ट, जंपर, शटडाउन, अर्थिंग हे शब्द जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. पारिभाषिक कोशातले प्रतिशब्द आणून वाचणाऱ्याची दमछाक करण्यात हशील नाही. गणित आहे, पण गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडे नाही. सगळ्या अंतरांच्या आकृत्या वरून आणि बाजूने अशा दोन्ही अंगांनी काढल्या आहेत, कारण झोत उभ्या दिशेने किती चपटा असतो हे एका अंगाने बघून लक्षात येत नाही. सहा मीटरच्या खांबावरचा अँटेना गच्चीवर उभ्या माणसाला जवळजवळ सोडून देतो, आणि तोच कठड्याला छातीच्या उंचीवर लावला की चित्र उलटं होतं.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. टॉवरजवळ राहणाऱ्यांचे आजार, हँडसेटचा वापर, रुग्णालयातली डायथर्मी, लष्करी रडार, यांवर इथे काही नाही. कमी तीव्रतेच्या परिणामांबद्दलचा वाद एका परिशिष्टात दोन्ही बाजूंच्या तोंडून मांडला आहे. त्यावर माझं मत विचारणाऱ्यांना मी सांगतो की ज्याच्या अंगाला पॅनेल टेकलेला आहे त्याचा प्रश्न त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाही, आणि निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी त्याच्या कामाची रीत बदलणार नाही. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना काही भाग टोचतील. टॉवरच्या भाडेकरारात दुरुस्तीच्या वेळी शटडाउन कोणी, किती आधी सांगून, किती वेळासाठी द्यायचा याचं कलम नसेल, तर ती जबाबदारी कंपनीइतकीच करारावर सही करणाऱ्याचीही आहे, असं माझं म्हणणं आहे आणि ते मी मवाळ केलेलं नाही.

रिगरने पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं. मुकादमाने आणि सेक्रेटरीने गच्चीच्या पाहणीवरच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे दिलेली पाहणीची यादी वेगळी फाडून जिन्याच्या दाराला आतून चिकटवता येईल अशा आकारात छापली आहे. कोष्टकांतल्या मर्यादा इक्निर्पच्या १९९८ आणि २०२०च्या तत्त्वांप्रमाणे आणि भारताच्या २०१२च्या निर्णयाप्रमाणे शेजारी शेजारी दिल्या आहेत. सरकारी आकडे बदलत राहतात, तेव्हा प्रत्यक्ष रेषा आखण्याआधी दूरसंचार विभागाचा त्या वेळचा निर्णय पाहून घ्यावा. त्यासाठी प्रत्येक कोष्टकात शेवटचा रकाना पेन्सिलीने भरायला कोरा सोडला आहे.